बावीस मिनिटांवरचं घर

१

घर बघायला गेलेली माणसं नळ सोडून बघतात, भिंतीवर टिचक्या मारतात, वर कोण राहतं ते विचारतात. मी घड्याळ लावून बघतो. शाळेपर्यंत किती मिनिटं, कामापर्यंत किती, त्यातली उभ्याने किती. बायको म्हणते, "तुला घर नकोच आहे, तुला नुसता रस्ता हवाय." म्हणू दे. गेली तीन वर्षं आम्ही रस्त्यातच राहत होतो.

आमची मुलगी आठ वर्षांची. नाव दुसरं आहे, पण घरात सगळे भिंगरीच म्हणतात, कारण एका जागी बसणं तिला माहीत नाही. जन्मापासून तिला दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं. कानामागे यंत्रं लावली की माणसांचे आवाज पोचतात, पण अर्धेमुर्धे. बारीक, सळसळते आवाज पोचतच नाहीत. म्हणून ती शाळेला 'आळा' म्हणते आणि मावशीला 'मावई'. आणि मी, तिचा बाप, एका मोठ्या हॉस्पिटलात लोकांचे कान तपासतो. दैवाला असले विनोद बरे सुचतात.

तिची खास शाळा आमच्या भाड्याच्या घरापासून दोन बस आणि सत्तर मिनिटांवर होती. दुसऱ्या बसमध्ये तिला रोज मळमळायचं. तिची ने-आण करायची म्हणून बायकोने पॅथॉलॉजी लॅबमधली नोकरी सोडली. त्याबद्दल ती एका शब्दाने कधी बोलली नाही, आणि मला त्या न बोलण्याचीच जास्त भीती वाटायची.

म्हणून भुयारी मेट्रोच्या कडेचं ते घर समोर आलं, तेव्हा आम्ही दोघंही हरखलो. शाळेचं स्टेशन थेट, गाडी बदलायची नाही. माझं हॉस्पिटल त्याच्या एक स्टेशन अलीकडे.

"बावीस मिनिटं, साहेब," एजंट म्हणाला. "तेवीस झाली तर माझं नाव बदला."

"रस्ता वापरून बघितल्याशिवाय मी घर घेत नाही," मी म्हणालो.

मला वाटलं, तो कपाळाला हात लावेल. त्याने खिशातून चावी काढली. "मग राहूनच बघा की. घर रिकामंच आहे. पुढच्या सोमवारी संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवा. मालकांची काही हरकत नाही. इथे राहून बघितलेलं कुणी परत गेलेलं नाही."

घर विकणारा माणूस असं वागतो, हे मी कधी ऐकलं नव्हतं. पण तोवर बायकोने चावी पर्समध्ये टाकली होती.

२

तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन. रविवारी आम्ही दोन बॅगा आणि गाद्या घेऊन आलो. दाराची कडी तपासताना माझ्या लक्षात आलं, की दाराला बेल नाही. मजल्यावरच्या चारही दारांना नव्हती. चौकटीजवळ जुन्या स्क्रूची भोकं होती, ती बुजवून वरून रंग दिला होता.

"शांत लोक असतील," बायको म्हणाली.

कचऱ्याची गाडी कधी येते ते विचारायला ती शेजारी गेली. ठोठावायला हात उचलला, तेवढ्यात दार उघडलं. आत शिवणकाम करणाऱ्या एक वयस्कर बाई होत्या, गळ्यात टेप. त्यांनी बायकोच्या ओठांकडे नीट बघत सगळं समजून घेतलं, उत्तर दिलं, हसून दार लावलं.

"त्यांना ऐकू येत नाही," मी म्हणालो. "त्या ओठ वाचत होत्या."

"तुला सगळं जग पेशंट दिसतं."

पण संध्याकाळी जिन्यात माझ्या हातून लोखंडी बादली सुटली आणि एक मजला गडगडत गेली. माझेच कान बधिर झाले. माझ्यापुढे दोन पायऱ्यांवर एक माणूस भाजीची पिशवी घेऊन उतरत होता. त्याने वळूनही पाहिलं नाही. बादली पायाला लागली तेव्हा मात्र दचकला, आणि मोठ्या आदबीने ती उचलून मला दिली.

३

सोमवारी सकाळी सव्वाआठला आम्ही तिघं निघालो. स्टेशन चार मिनिटांवर, बसायला जागा, भिंगरी मध्ये. बायकोने सवयीने उलटीची पिशवी हातात धरून ठेवली होती. दोन स्टेशनं गेल्यावर तिने ती घडी घालून पर्समध्ये टाकली. तेव्हा तिचा चेहरा असा सैल झाला, की मला घर तिथल्या तिथे घ्यावंसं वाटलं.

तिसऱ्या स्टेशनानंतरचा बोगदा लांब आहे. आधी एक वळण लागतं, तिथे चाकं किंचाळतात. तो कर्कश आवाज सोसवेना म्हणून भिंगरीने यंत्रं काढून माझ्या हातात दिली. लोक त्या कलकलाटातही ओरडून बोलतच होते. वळण संपलं, गाडी हळू झाली, आवाज उतरला, आणि नेमकं तेव्हा डब्यातलं बोलणं थांबलं. समोरचे दोघे कुणाच्या तरी बदलीवरून वाद घालत होते, ते अर्ध्या वाक्यावर गप्प झाले. एका बाईने फोन कानावरून खाली घेतला. सगळ्यांच्या माना किंचित कलल्या, कुणाची डावीकडे, कुणाची उजवीकडे. ते कलणं मी रोज बघतो. ज्या कानाने बरं ऐकू येतं, तो कान माणूस नकळत पुढे करतो.

अर्धं मिनिट गेलं असेल. गाडीने वेग घेतला, आणि ते दोघे सोडलेल्या शब्दापासून पुढे भांडू लागले.

त्या अर्ध्या मिनिटात भिंगरीचा हात मांडीवर होता. तिचं पहिलं बोट वर गेलं आणि खाली आलं.

आमची तपासणी अशी असते: पेशंटला हेडफोन लावायचे, मी बारीकसा आवाज सोडायचा, आणि ऐकू आला की त्याने बोट वर करायचं. मुलांना हे गोडीगुलाबीने शिकवावं लागतं. भिंगरीला मी ती अडीच वर्षांची असल्यापासून शिकवलंय. बोट वर झालं की मी मान डोलावतो आणि म्हणतो, "शाब्बास." हजार वेळा तरी म्हटलं असेल.

त्या सकाळीही म्हणालो. तोंडातून गेलंच. ती खुदकन हसली, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की मी आवाज सोडलेलाच नव्हता.

४

याला कारण आहे, मी स्वतःला बजावलं. कमी ऐकणारी मुलं हादरे फार चांगले ओळखतात. रूळ, लोखंड, जमीन, सगळं पायांतून कळतं. नवशिके तपासनीस फसतात ते इथेच. मुलाला हादरा जाणवतो आणि हे लिहून मोकळे होतात, की ऐकू आलं.

मंगळवारी मी तिला मांडीवर घेतलं, पाय अधांतरी. वळण गेलं, डबा गप्प झाला. माझ्या पायांना काही जाणवलं नाही, कानांना काही नाही, आणि माझे कान ठणठणीत आहेत, दर वर्षी तपासतो. तिचं बोट तीनदा वर गेलं.

बुधवारी मी ठरवून चेहरा कोरा ठेवला. शाब्बास नाही, मान डोलावणं नाही. बोट वर करून ती माझ्याकडे बघत राहिली, वाट बघत. माझ्याकडून काही मिळेना, तेव्हा तिने काळ्या खिडकीकडे तोंड वळवलं. क्षणभराने ती हसली. जे हवं होतं ते तिला तिकडून मिळालं असावं.

मी बायकोला म्हणालो, "बघितलंस?"

"काय?" ती म्हणाली. "खूश आहे पोरगी. तुला तेही खुपतं का?"

५

गुरुवारी बायकोला लॅबमध्ये भेटायला बोलावलं होतं, म्हणून मी एकटाच भिंगरीला घेऊन निघालो. वळण गेलं, गाडी हळू झाली, आणि थांबली. पुढे सिग्नल नसेल, असं होतं कधी कधी. पंखेही बंद झाले. एवढी शांतता मी माझ्या तपासणीच्या खोलीबाहेर कधी अनुभवली नव्हती. पन्नास माणसं आणि एकाचाही श्वास ऐकू येईना.

भिंगरीचं बोट वर गेलं. थोड्या वेळाने पुन्हा. मग बराच वेळ नाही. तिच्या कपाळावर आठी पडली, तिने मान कलती केली, आणि बोट अगदी सावकाश वर आलं.

यंत्रं माझ्या खिशात होती. मी तिच्यासमोर तोंड नेलं आणि नुसत्या ओठांनी विचारलं, "काय ऐकलंस?"

तिचे शब्द मी इथे नीट करून लिहितोय. ती म्हणाली, "मला विचारतात."

"काय विचारतात?"

"ऐकू येतंय का."

"कोण?"

खुळ्यासारखं काय विचारतोस, असा चेहरा तिने केला. "तू विचारतोस तसंच. आधी मोठ्याने, मग हळू. मग आणखी हळू."

तपासणी अशीच असते. आवाज उतरवत न्यायचा, पेशंटला जेमतेम ऐकू येईल तिथपर्यंत. कान कुठवर पोचतो, ते असं सापडतं. पण हे मी तिला कधी सांगितलेलं नव्हतं. ती आपली आवाज आला की बोट वर करायची.

मी वर बघितलं. डब्यातले सगळे तिच्याकडे बघत होते. वाईट नजरेने नाही. घरातलं लेकरू पाहुण्यांसमोर काही म्हणून दाखवतं, तेव्हा मोठी माणसं बघतात तसं. समोर बसलेल्या चष्मेवाल्या गृहस्थांनी तिच्याकडे बघून मान डोलावली. त्यांचे ओठ हलले. आवाज निघाला नाही, पण तो शब्द मी कुठेही ओळखेन.

पुढच्या स्टेशनला मी तिला ओढतच खाली उतरवलं. वर रस्त्यावर येऊन टॅक्सी केली. सबंध वाटभर ती मागच्या काचेतून, गेलेल्या रस्त्याकडे बघत रडत होती.

६

"घर नको," मी त्या दुपारी म्हणालो.

"कारण सांग."

"लोक त्या बोगद्यात गप्प होतात."

"मग?"

"तिला काहीतरी ऐकू येतंय तिथे."

"अरे, आठ वर्षं आपण कशासाठी मरतोय?" मग बायकोचा आवाज फुटला. "मला एक तारखेपासून कामावर बोलावलंय. तीन वर्षांनी मी कुणाला तरी 'येते' म्हणाले. मी फार खूश आहे रे. मला खरं कारण दे, मी आत्ता चावी परत करते."

तपासनिसाला पुराव्याचा कागद लागतो, आणि माझ्याकडे डब्यातला नुसता एक चेहरा होता. शुक्रवारी मला लवकर जायचं होतं. त्या दोघी मेट्रोने गेल्या.

दुपारी शाळेतून बोलणं शिकवणाऱ्या बाईंचा फोन आला. त्या हसत होत्या की रडत होत्या, कळेना. "आज ती शाळा म्हणाली. स्वच्छ 'शा'. मी पाच वेळा म्हणवून घेतलं." मग त्या थोड्या घुटमळल्या. "पण एक विचारू? मागून हाक मारली तर ती वळत नाहीये. मी यंत्रांच्या बॅटऱ्या बदलून बघितल्या, तरी नाही. असं कसं होईल? बोलणं सुधारायचं आणि ऐकणं जायचं, असं होत नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. "असं होत नाही."

शनिवारी-रविवारी मी हट्टाने सगळ्यांना जुन्या घरी आणलं. तिथून मेट्रो कोसभर लांब. भिंगरीला यंत्रं लावली, तिच्यामागे उभं राहून टाळ्या वाजवल्या, हाका मारल्या, ताट आपटलं. काही नाही. आमची एका जागी न बसणारी पोर कोपऱ्यात बसून राहिली. जेवली नाही. दुपारी बघतो तर ती जमिनीला कान लावून पडली होती, आधी हा कान, मग तो. माझ्याकडे बघून म्हणाली, "इथे काहीच नाही, बाबा. इथे कुणीच नाही."

तो 'कुणीच' मधला च इतका सुरेख होता, की बायको तोंडावर पदर धरून आत गेली. मला आनंद झाला नाही असं नाही. तो शब्द ऐकायला मी आठ वर्षं थांबलो होतो. आनंद झाला, आणि त्याचीच शिसारी आली.

७

सोमवारी दुपारी मी दोघींना हॉस्पिटलात बोलावलं. संध्याकाळी एजंटला उत्तर द्यायचं होतं, आणि त्याआधी मला कागद हवा होता.

माझी खोली तळघरात आहे. आत एक आवाजबंद केबिन, जाड काच, आत पेशंट, बाहेर मी. केबिनमध्ये छोटा माइक असतो, त्यातून पेशंटचं बोलणं मला माझ्या हेडफोनमध्ये ऐकू येतं आणि यंत्रावरची एक सुई हलते. मेट्रोचा बोगदा भिंतीच्या पलीकडच्या अंगाला आहे. गाडी गेली की सुई थरथरते, मी थांबतो, मग पुन्हा सुरू करतो. इतक्या वर्षांत त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं.

भिंगरीला हेडफोन लावून मी बाकावर बसवलं आणि बाहेर आलो. बायको माझ्या शेजारच्या खुर्चीत. मी हलक्या आवाजापासून सुरुवात केली. बोट नाही. वाढवला. नाही. पूर्वी ती जिथे हमखास बोट वर करायची, ती पातळी ओलांडली. नाही. शेवटी यंत्र जिथे थांबतं, जिथे धडधाकट माणूस हेडफोन फेकून देईल, तिथे पोचलो. ती काचेतून माझ्याकडे प्रेमाने बघत राहिली.

कागदावर लिहायला काही उरलं नव्हतं. होतं तेवढंही गेलं होतं.

मी सगळे आवाज बंद केले. गाडी नुकतीच गेली होती, पुढची यायला तीन-चार मिनिटं होती. सुई शून्यावर पडून होती.

ती हलली. थरथरली नाही, नीट वर चढली, उतरली, पुन्हा चढली. बोलताना हलते तशी. भिंगरीचे ओठ मिटलेले होते आणि माझ्या हेडफोनमध्ये साधी खरखरही नव्हती. सुई थांबली. भिंगरीने मान हलवली.

"हो," ती म्हणाली. मग थोडं ऐकून, "नाही, आईला येतंय थोडं थोडं. बाबांना अजून नाही."

सुई पुन्हा चढली. भिंगरी हसली आणि बाकावर बाजूला सरकली, कुणाला तरी जागा करून दिल्यासारखी. रिकाम्या जागेवरचं रेक्झिन सावकाश खाली दबलं. मी ते बघितलं. काचेवर माझ्या श्वासाची वाफ धरली होती, दिवा मिणमिणता होता, हे सगळं कबूल. तरी मी ते बघितलं.

"बघितलंस?" मी बायकोला विचारलं. ती काही बोलली नाही. मी पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. मग तिच्या खांद्याला हात लावला, तेव्हा ती दचकून वळली. तिची मान किंचित डावीकडे कलली होती.

"काय म्हणालास?" माझ्या ओठांकडे बघत ती म्हणाली.

आता मला सगळं कळत होतं, आणि कळून काहीच उपयोग नव्हता. चावी परत केली असती, तर पोर जन्मभर त्या कोपऱ्यात जमिनीला कान लावून बसली असती. तिचं आमच्याकडचं ऐकणं संपलं होतं. जे काही उरलं होतं, ते त्या बोगद्यालगत होतं. आणि बायको निम्मी तिकडे पोचली होती. मी एकटाच ठणठणीत होतो.

मी केबिनचं दार उघडलं. बाकाकडे बघायचं टाळलं. भिंगरीने हेडफोन काढून नीट खुंटीला लावले, माझ्यासमोर आली आणि माझी हनुवटी धरून माझं तोंड स्वतःकडे वळवलं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्याशी बोलताना असं करायचं, तिच्या लहानपणापासून आम्ही तसंच करत आलोय. मग एकेक शब्द सुटा करून, ओठ मोठे हलवत, न चुकता ती म्हणाली,

"घाबरू नको, बाबा. तुलाही विचारतील. त्यांना घाई नसते."

मी मान हलवली. तिला जवळ घेतलं, खूप वेळ घेतलं. मग फोन काढून एजंटला सांगितलं, की घर पक्कं करा.

"मी म्हटलं नव्हतं?" असं काहीतरी तो म्हणाला. पलीकडे फार खरखर होती, मला नीट ऐकू आलं नाही.